मदत हवी आहे: पासवर्ड नसलेल्यांना आमचं पान दिसत नाही

पाटीपेन्सिल:
वाचनालयाच्या साइटवर सभासदांचा फोल्डर पासवर्ड लावून बंद केलाय. पासवर्ड नसेल त्याला 'ग्रंथपालांना फोन करा' हे मराठी पान दिसायला हवं. दिसतंय पांढऱ्या पानावर इंग्रजीत 'अनऑथराइज्ड'. सगळं करून बघितलं. उद्या सकाळी सभासदांना मेसेज जायचाय, लवकर सांगा.

रातपाळी:
'सगळं' म्हणजे काय काय? सर्व्हर अपाची की एनजिनएक्स? एररडॉक्युमेंटची, म्हणजे अडचण आली की कुठलं पान दाखवायचं ती ओळ काय लिहिलीय?

सोनचाफा:
पासवर्ड विसरलात तर होस्टिंगच्या पॅनेलमधून नवा करता येतो. मी कालच केला.

पाटीपेन्सिल:
विसरलेलो नाही हो! अपाची आहे. ओळीत पानाचा एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता दिलाय. ४०४ ला, म्हणजे 'पान सापडलं नाही' च्या कोडलाही तसाच आहे, ते पान व्यवस्थित येतं.

जुनाखांब:
इथंच अडलंय. पूर्ण पत्ता दिला की सर्व्हर ब्राउझरला तिकडे वळवतो. ४०१ चं, म्हणजे 'पासवर्ड हवा' या कोडचं तसं झालं तर तो कोड ब्राउझरला कळणारच नाही, पासवर्डची चौकटही येणार नाही. म्हणून अपाची ती ओळ सोडून देतो, एरर लॉगमध्ये तशी नोंदही करतो. तिरक्या रेघेने सुरू होणारा, साइटच्या आतला मार्ग द्या. ४०४ चाही बदला, नाहीतर हरवलेल्या पानाला ४०४ ऐवजी ३०२, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' हा कोड जातो.

मधलीआळी:
एनजिनएक्सवर या, ही कटकटच संपेल.

रातपाळी:
शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असताना, सर्व्हर बदलणं त्यांच्या हातात असतं का? उद्या सकाळी मेसेज जायचाय त्यांचा.

पाटीपेन्सिल:
मार्ग दिला. आता त्याच पांढऱ्या पानावर खाली आणखी एक वाक्य आलंय, त्यातही ४०१ च.

रातपाळी:
तुमचं पान ठेवलंय कुठे?

पाटीपेन्सिल:
सभासदांच्याच फोल्डरमध्ये. त्यांच्यासाठीच आहे ना ते!

रातपाळी:
मग ते पान दाखवायलाही सर्व्हर पासवर्ड मागणार. बाहेर, मूळ फोल्डरमध्ये हलवा. लोगो आणि सीएसएस, म्हणजे पानाच्या सजावटीची फाइलसुद्धा. त्यांचे पत्तेही तिरक्या रेघेपासून लिहा, नाहीतर ब्राउझर ते बंद फोल्डरातच शोधेल.

पाटीपेन्सिल:
हलवलं सगळं. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला, चौकटच परत येते. पान नाहीच.

जुनाखांब:
चौकटीत 'रद्द करा' दाबा. पासवर्ड चुकला की ब्राउझर पुन्हा विचारत राहतो, पान रद्द केल्यावरच दिसतं.

पाटीपेन्सिल:
आलं! लोगोसकट. दोघांचेही मनापासून आभार. मेसेजमध्ये 'रद्द करा' दाबायचंही लिहितो.

सोनचाफा:
वाचनालयात जुने दिवाळी अंक मिळतील का?