सीडी बनवायला एक डॉलर, मग विकायला सतरा का?

तबकडी
मंडळी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नव्या सीडीची छापील किंमत १६.९८ ते १८.९८ डॉलर असे. मोठ्या संख्येने काढली तर डबी-पुस्तिकेसकट सीडी जेमतेम डॉलरभरात पडायची. मधला पैसा नेमका कुणाच्या खिशात जायचा? आणि २००३ मध्ये युनिव्हर्सल या बड्या रेकॉर्ड कंपनीने किमती उतरवूनही धंदा का सावरला नाही? 'पायरसीने मारलं' हे उत्तर पाठ आहे, त्यापलीकडचं सांगा.

हिशेबनीस
आधी कलाकाराचं बघू. २००० च्या सुमारास नवख्या बँडचा ठरावीक करार १२ टक्क्यांचा, धंद्याच्या भाषेत '१२ पॉइंट'. पण ते १६.९८ वर मिळत नसत. आधी २५ टक्के 'पॅकेजिंग' म्हणून वजा, उरले १२.७४. त्याचे १२ टक्के म्हणजे १.५३. मग 'फ्री गुड्स': शंभरातल्या १५ सीडी दुकानदाराला फुकट दिल्या असं कागदोपत्री धरायचं आणि रॉयल्टी ८५ वरच मोजायची. राहिले १.३०. त्यातले ३ पॉइंट निर्मात्याचे, म्हणजे बँडच्या वाट्याला सीडीमागे ९७ सेंट.

तेही हातात पडत नाहीत. आगाऊ रक्कम आणि रेकॉर्डिंगचा खर्च मिळून अडीच लाख डॉलर धरले, तर ते याच ९७ सेंटांतून वळते व्हायचे. सुमारे २ लाख ५७ हजार सीडी खपेपर्यंत खात्यावर उधारीच. शिवाय न खपलेला माल दुकानं परत पाठवू शकत, त्यामुळे प्रत्येक हिशेबात कंपनी काही हिस्सा अडवून ठेवायची.

गाणं लिहिणाऱ्याची मेकॅनिकल रॉयल्टी, म्हणजे दर प्रतीमागे गाणं रचणाऱ्याला मिळणारा मोबदला, वेगळी. २००० मध्ये कायदेशीर दर गाण्यामागे ७.५५ सेंट होता. गायक स्वतःच गाणी लिहीत असेल तर करारात मेख असायची: दराच्या ७५ टक्केच, आणि कमाल १० गाणी. अल्बममध्ये १४ गाणी घाला, पैसे दहाचेच, ५७ सेंट.

उरलेल्यात दुकानाचा नफा, वितरण, जाहिरात, व्हिडिओ आणि बुडीत अल्बम. दहातला एखादाच अल्बम खर्च भरून काढतो, हे कंपन्यांचं नेहमीचं पालुपद. खरं असेलही, पण ताळेबंद मांडणारे तेच.

खर्जातला
हिशेब चोख. पण किंमत एवढी वर टिकली कशी, ते राहिलं. बेस्ट बाय आणि सर्किट सिटी ही मुळात टीव्ही-फ्रिजची दुकानं. गिऱ्हाईक दारात यावं म्हणून ती सीडी खरेदीभावाखाली विकत. फक्त संगीतावर जगणाऱ्या साखळ्यांना ते परवडेना. त्यातल्या वेअरहाउस साखळीने १९९५ मध्ये आणि कॅमेलॉटने १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मग पाचही बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी अट कडक केली: ठरलेल्या किमतीखाली जाहिरात कराल तर जाहिरातीसाठी मिळणारा आमचा पैसा बंद. जाहिरात दुकानाने स्वतःच्या पैशाने केली तरीही! स्वस्त विकायला बंदी नव्हती, फक्त ते कुणाला सांगायचं नाही.

मे २००० मध्ये एफटीसीने, म्हणजे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, ही पद्धत थांबवली. ग्राहकांना तीनएक वर्षांत ४८ कोटी डॉलरपर्यंत जादा मोजावे लागले, असा त्यांचा अंदाज. पुढे राज्यांच्या खटल्यात तडजोड झाली: ६.७४ कोटी डॉलर रोख आणि ७.५७ कोटींच्या सीडी. ग्राहकांना १३.८६ डॉलरचे धनादेश गेले. सीडी वाचनालयांना मिळाल्या, तर कित्येक ठिकाणी न खपलेल्या एकाच अल्बमच्या थप्प्या येऊन पडल्या.

तबकडी
भारीच. मग २००३ मध्ये दर उतरल्यावर दुकानदार खूश व्हायला हवे होते ना?

खर्जातला
उलट. छापील किंमत १८.९८ ची १२.९८ झाली, घाऊक भाव १२.०२ चा ९.०९. वजाबाकी करा: छापील किमतीने विकली तर दुकानदाराचे ६.९६ चे ३.८९ झाले. त्यात सह-जाहिरातीचा पैसाही बंद, आणि वर दुकानातल्या फळ्यांची २५ टक्के जागा आम्हाला द्या ही युनिव्हर्सलची मागणी. बऱ्याच दुकानांनी घाऊक भावातली सूट स्वतःकडेच ठेवली. बाकी चार कंपन्याही मागोमाग आल्या नाहीत.

हिशेबनीस
इथे थोडा मतभेद. दर आणखी उतरवले असते तरी फरक पडला नसता, कारण दुखणं गाणी गठ्ठ्याने विकण्याचं होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीला कंपन्यांनी सुटी सिंगल (एका गाण्याची तबकडी) विकणं जवळपास बंद केलं. डिसेंबर १९९८ पासून बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नुसत्या रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यालाही जागा मिळू लागली, म्हणजे यादीत यायला सिंगल काढायची गरजच उरली नाही. आवडतं गाणं हवं? अख्खा अल्बम घ्या. एप्रिल २००३ मध्ये अॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने तेच गाणं ९९ सेंटना सुटं विकायला काढलं, रेकॉर्ड कंपनीला त्यातले साधारण ७० सेंट. अल्बमऐवजी दोन गाणी घेणाऱ्या माणसाकडून ९.०९ च्या जागी १.४० येणार. १२.९८ चा दर त्याला काय करणार?

अवांतर: काही करारांत डाउनलोडवरही 'पॅकेजिंग' कापलं जात होतं, डबी नसताना. डाउनलोड ही विक्री की परवाना, यावर रॅपर एमिनेमच्या सुरुवातीच्या निर्मात्यांची कंपनी एफबीटी कोर्टात गेली. करारात विक्रीवर १२ ते २० टक्के, परवान्यावर ५०. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या (विभागाच्या) अपील न्यायालयाने 'परवाना' म्हटलं. पण निकाल त्या करारातल्या शब्दांवर टेकलेला होता, त्यामुळे ज्यांच्या करारात डाउनलोडचा दर स्वतंत्र लिहिलेला होता त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.