प्रगती अहवाल बंद करा म्हणे!

खडूफळा
परवा इथं एकानं लिहिलं की पीएचडीच्या पोरांना दर सहामाहीला प्रगती अहवाल घेऊन आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, उभं करणं हा छळ आहे, नोंदणी झाली की थेट प्रबंध मागा, मध्ये टोचू नका. त्यावर वाहवा काय, टाळ्या काय! राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी गाईड आहे. असोसिएट प्रोफेसरला सहा विद्यार्थी, माझे सहाही भरलेले. त्यातले दोघं नोंदणीचे पेढे देऊन गेले ते तिसऱ्या वर्षी उगवले. तेही कशाला, तर मुलाखतीसाठी ‘पीएचडी सुरू आहे’ असं पत्र हवं म्हणून. सहा वर्षं मुदत, पुनर्नोंदणीची वर दोन, बायकांना आणि दिव्यांगांना आणखी दोन. तेवढा काळ जागा अडून राहते आणि पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा पास झालेली पोरं ‘सर, जागा आहे का’ म्हणत दारोदार हिंडतात. त्यांचा छळ कुणी मोजायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली वाचा जरा. काम असमाधानकारक वाटलं तर समितीनं कारणं नोंदवायची, सुधारणा सुचवायच्या. त्या केल्या नाहीत तर नोंदणी रद्दची शिफारस. आणि अहवाल असले की उद्या गाईड बिथरलाच, तर ‘आधीच्या अहवालांत समाधानकारक लिहिलंय, आता काय झालं’ असं विचारायला तुमच्या हातात कागद असतो.

अर्धा_प्रबंध
सर, त्या समितीचा निमंत्रक कोण? गाईडच ना? म्हणजे गाईडची तक्रार गाईडनं बोलावलेल्या बैठकीत, त्याच्याच सहकाऱ्यांपुढे करायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

माझ्या फॉर्मवरही ‘समाधानकारक’ आहे. माझी दोन प्रकरणं दिवाळीपासून त्यांच्या टेबलावर पडलीत, वरच्या पानावर चहाच्या कपाचे गोल डाग. ते कुठल्या रकान्यात भरू?

ओवी_वाचक
रकान्यांचं बोलूच नका. नियमात प्रसूती आणि बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मी रीतसर मंजूर करून घेतली. पण फॉर्ममध्ये ‘मागील सहामाहीतील काम’ कोरं राहिलं, म्हणून शेरा आला असमाधानकारक. रजेचं पत्र जोडलेलं, तरीही. पीएचडी सेक्शनला गेले तर म्हणाले, ‘मॅडम, कोरं ठेवायचं नाही हो, काहीतरी लिहायचं. संदर्भग्रंथांचं वाचन चालू.’ तेव्हापासून मी काहीतरी लिहिते.

थेम्सकाठी
इकडं इंग्लंडात माझ्या विद्यापीठात वर्षातून एकदाच असतं, पण कसून. पहिल्या वर्षाअखेर तरला नाहीत तर पीएचडीऐवजी एमफिल या खालच्या पदवीवर बोळवण. पॅनेलवर सुपरवायझर नसतो. तो बाहेर गेला की मलाच विचारतात, वेळ देतो का, मसुदे कधी परत करतो.

लॅबमधली_पाल
छान. इकडं गाईड बाहेर गेला की नाश्ता आला का बघायला जातो.

बाय द वे, आरएसीच्या नाश्त्याचे पैसे कोण देतं ते सांगा आधी. आमच्याकडे स्कॉलर. सामोसे, ढोकळा, चहा, आणि ज्येष्ठ कुणी असले तर सुकामेवा.

अर्धा_प्रबंध
सुकामेवा? नशीबवान आहात. आमच्याकडे व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, अख्ख्या विभागाचं जेवण, शाल-श्रीफळ आणि परीक्षकांची गाडी.

ओवी_वाचक
माझ्या मैत्रिणीला ‘स्वीट डिश काय ठेवलीय?’ असं समितीतूनच विचारलं. फेलोशिप आठ महिने थकलेली आणि ही बासुंदी शोधत फिरतेय.

खडूफळा
विषय काय, चाललंय काय! माझ्याकडे आजवर कुणाला चहासुद्धा आणू दिलेला नाही.

लॅबमधली_पाल
तुमची फ्रेम करून लावतो. पण खर्च झालाच ना बाकीच्यांचा? जेआरएफ फेलोशिपचे महिन्याला ३७ हजार ऐकायला बरे वाटतात, ते वेळेवर आले तर. आणि ते येण्यासाठी परत प्रगती अहवाल, त्यावर परत गाईडची सही. गाईड लेकीकडे अमेरिकेला.

गावठाण
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. गाईड मंडईत भेटले की विचारायचे, ‘कुठवर आलं?’ झाली की पीएचडी.

अर्धा_प्रबंध
काका, प्रबंध शोधगंगेवर, त्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, आहे का? वाचायचाय.

गावठाण
बोलण्याची पद्धत सांभाळा. तुमच्यासारखं कॉपी-पेस्ट नव्हतं, हस्तलिखितं धुंडाळलीत आम्ही.

खडूफळा
भांडा निवांत. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असं अजित पवार म्हणाले तेव्हा हीच मंडळी उसळली होती. बरोबरच होतं उसळणं. मग दिव्यात तेल किती उरलंय ते कुणी बघायचंच नाही का?

बरं, निमंत्रक गाईड नसावा, दिलं सोडून. पण दुसरा आणणार कुठून? विभागात कायम प्राध्यापक दोन, बाकी सगळे तासिकेवर. त्यातला एक मी, दुसऱ्यांशी माझं बोलणं नाही.

थेम्सकाठी
मग तेच निमंत्रक उत्तम. खरे प्रश्न विचारतील.

खडूफळा
विद्यार्थ्याचा जीव जाईल त्यात.

ओवी_वाचक
जातोच आहे, सर. निदान शेरा तरी वाचण्यासारखा मिळेल.

लॅबमधली_पाल
मंगळवारी माझी आरएसी आहे. समितीतले एक सर मधुमेही आहेत असं कळलंय. काय आणू?

अर्धा_प्रबंध
खारे काजू. आणि बिल ठेव, अहवालाला जोडायला.