डिस्नेच्या पिना: मुलांसोबत अदलाबदल कशी करायची?

प्रश्न (कोथरूड): दिवाळीच्या सुट्टीत मुलं (६ आणि ९ वर्षं) ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाणार आहेत. तिथे पाहुणे आणि कर्मचारी डिस्नेच्या पात्रांच्या छोट्या पिना (कपड्यावर लावायचे बिल्ले) आपसात बदलतात. अदलाबदलीसाठी पिना किती न्याव्यात? इथून ऑनलाइन स्वस्त गठ्ठा घ्यावा का?

प्रतिसाद १: स्वस्त गठ्ठा नकोच. त्यात बहुतेक नकली पिना निघतात: कडा खरखरीत, इनॅमलला (वरच्या रंगीत थराला) खड्डे, रंग फिके, वजनाला हलक्या. त्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या, पिना लावायच्या पट्ट्यावर गेल्या की पुढे दुसऱ्याच एखाद्या मुलाच्या वाट्याला येतात. पार्कमध्ये ४-५ पिनांचा संच घ्या, प्रत्येकाला १० पुरतात. अदलाबदल एकास एक, हातातून हातात. पिन धातूची हवी, मागे डिस्नेचा कॉपीराइट शिक्का हवा आणि टोकाला रबरी बूच लावलेलं हवं. एका कर्मचाऱ्याकडे दिवसाला दोनच बदलता येतात. पैसे द्यायचे नाहीत.

प्रतिसाद २: सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात जड पट्टा नको. राइडमध्ये टोक टोचतं, आणि रबरी बूच सैल झालं की पिन पडते, कळतही नाही. आवडत्या पिनांना स्क्रूचं लॉकिंग बूच लावा, बदलायच्या तेवढ्याच रबरी बुचावर ठेवा. आणि सगळ्यात आवडत्या पिना पट्ट्यावर लावूच नका. समोरच्याने मागितल्यावर मूल रडवेलं होतं. त्या फेल्टच्या (जाड मऊ कापडाच्या) घडीत, हॉटेलच्या खोलीवर ठेवा.

प्रतिसाद १: आवडत्या पिना बाजूला ठेवायचं हे महत्त्वाचं. पुढच्या बाजूला मिकीच्या डोक्याचं छोटं चिन्ह दिसलं तर ती ‘हिडन मिकी’ (लपलेला मिकी) नावाच्या पिनांच्या मालिकेची, मुलांना शोधायला लावा. घरी आल्यावर, पुण्याच्या पावसाळ्यात पिनांच्या डब्यात सिलिका जेलची (ओलावा शोषणारी) पुडी टाका.