बोअरच्या पाण्यात तुरीचं वरण घोटल्या जात नाही

प्रश्न
घरच्याच तुरीची डाळ, मागच्या उन्हाळ्यात भरडलेली. वाटीभर डाळीला तीन वाट्या बोअरचं पाणी, हळद, कुकरच्या सहा शिट्ट्या. तरी दाणा अख्खाच राहते, पाणी वेगळं अन् डाळ वेगळी. पाणी बदलू का डाळ?

उत्तर 1
आधी दोष कोणाचा ते पाहा. दोन डब्यांत मूठ-मूठ डाळ, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात जारचं. एकाच कुकरात लावा. जारची गळली तर पाणी जड, दोन्ही टणक राहिल्या तर डाळ जुनी.

जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याला डिंकासारखं बांधून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट धरते, म्हणून दाणा फुटत नाही. शिट्ट्या वाढवून गॅसच जाते. पाणी तापवायच्या गंजाला (पातेल्याला) पांढरा थर धरत असेल तर पाणी 10-15 मिनिटं खळखळ उकळा, रातभर झाकून ठेवा अन् सकाळी वरचं निवळ घ्या. थर न धरणारं पाणीही जड असू शकते. ते उकळून सुधरत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडं काही गावांत बोअरला फ्लोराईड असते, तेही उकळून जात नाही. तिथं सरळ जारचं वापरा, वरणाला चारच वाट्या तर लागतात.

उत्तर 2
एवढा खटाटोप कशाला? चिमूटभर खायचा सोडा टाका.

उत्तर 3
सोडा शेवटचा उपाय, जी. वाटीला चमच्याचा आठवा भाग, त्यावर गेला की साबणासारखी चव लागते. बी-1 जीवनसत्त्वही जाते.

त्यापेक्षा कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून डाळ दोन तास भिजवा, ते पाणी फेका. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेते. मिठानं डाळ शिजत नाही म्हणतात, ते खरं नाही. आडवं येते ते आंबट: चिंच, टमाटर, अंबाडी. हे घोटल्यावरच घाला.

चुलीवर करत असाल तर आधण आल्यावर डाळ सोडा, पाणी आटलं तर गरमच घाला. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेसानं शिट्टीचं भोक बुजते. तेलाचे दोन थेंब टाकले की फेस बसते.

प्रश्नकर्ता
दोन्ही डबे लावले. बोअरची तशीच. जारची गळली, पण मधात कणी लागते.

उत्तर 1
म्हणजे पाणीही अन् डाळही. टिनाखालच्या उन्हात अन् पावसाळी दमटीत डाळ निबर होते. जारचं पाणी, मिठात चार तास भिजवणं, चार शिट्ट्या अन् मंद आचेवर दहा मिनिटं. तरी कणी राहिली तर उरलेली डाळ भिजवून वड्यांना वाटा.