सासऱ्यांचे गुडघे धातूचे, तरी ते माणूस. मग रोबोट का नाही?

कंदीपेढा:
लेकीच्या शाळेत वादविवाद आहे, विषय 'रोबोट कधी खराखुरा माणूस होऊ शकेल का', आणि तिच्या वाट्याला 'नाही होऊ शकणार' ही बाजू आलीये. आठवीत आहे. तिला वाटलं सोप्पंय, यंत्र ते यंत्र, विषय संपला. पण रात्री जेवताना आमच्या सासऱ्यांनी खोडा घातला. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत, डोळ्यांत मोतीबिंदूनंतरच्या लेन्स, छातीत पेसमेकर, एका कानात मशीन, कवळी वेगळीच. तर म्हणाले, आता मी किती टक्के माणूस उरलो ते सांग. पोरगी गप्प. मी म्हटलं अहो बाबा मेंदू तुमचाच आहे ना, तर म्हणे त्या जोशांच्या भावाला पार्किन्सनसाठी मेंदूत तारा घातल्यात, बॅटरी बंद केली की हात थरथरायला लागतो, मग तो?

म्हणजे माणसात एकेक पार्ट बदलत गेलं तरी माणूस माणूसच राहतो, मग यंत्रात एकेक गोष्ट माणसाची घालत गेलं तर ते कधीच का पोचू नये? मला उत्तर देता येईना. त्यात सासूबाई फोनमधल्या बाईने हवामान सांगितलं की तिला 'बरं गं बाळा' म्हणतात, त्यामुळे घरात मतं दोन झालीत. 'भावना नसतात' एवढंच सांगू नका प्लीज, ते तिच्या वहीत पहिल्याच ओळीला आहे.

वेल्डिंगवाला_चाकण:
ताई मी रोज रोबोटबरोबरच असतो, वेल्डिंगचे सहा ॲक्सिसवाले आर्म, त्यामुळे माझं मत जरा कोरडं आहे. खंडेनवमीला आम्ही त्यांना झेंडूचे हार घालतो, हळदकुंकू लावतो, दोघांना तर पोरांनी नावंपण ठेवलीत (एक बाजीराव, दुसऱ्याचं इथे लिहीत नाही, सुपरवायझरचं आहे). पण हार घालतो ते अवजार म्हणून, पान्हा नि ग्राइंडरसारखं.

आता खरा किस्सा. आमच्याकडे एका पोराने नाइट शिफ्टला पेंडंटवर (रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट) एक पॉइंट चुकीचा शिकवला, रन केल्यावर बाजीराव थेट फिक्स्चरवर (जॉब घट्ट पकडून ठेवणारा साचा) जाऊन आदळला, वेल्डिंग टॉर्चची मान वाकली, फिक्स्चर गेलं, लाइन बंद. सकाळी मेमो कुणाला? त्या पोराला. बाजीरावला कुणी एक शब्द बोललं नाही, बोलून उपयोगच काय, त्याला लाज नाही वाटणार, पगार नाही कापता येणार, तो घरी जाऊन बायकोला सांगणार नाही की आज माझ्याकडून चूक झाली. पोरगा मात्र दोन दिवस जेवला नाही नीट. मला विचाराल तर ज्या दिवशी मेमो रोबोटच्या नावाने निघेल आणि तो घेताना त्याची मान खाली जाईल (प्रोग्रॅम केलंय म्हणून नाही, आपोआप) त्या दिवशी बघू. सासऱ्यांचे गुडघे कशाचे का असेनात, चुकले तर सासूबाई त्यांनाच बोलतात ना?

कंदीपेढा:
बोलतात हो. गुडघ्यांना नाही बोलत 😄

निम्मा_कोडर:
सासूबाईंना हसू नका, मोठमोठे लोक फसलेत यात. १९६६ ला अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम म्हणून प्राध्यापकाने एलायझा नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, काय करायचा तर तुम्ही 'मला आईचा राग येतो' टाइप केलं की त्यातलेच शब्द फिरवून 'घरच्यांबद्दल अजून सांगा' असं काहीतरी विचारायचा, बस. त्यांच्या सेक्रेटरीला माहीत होतं तो प्रोग्रॅम आहे, महिनोन्महिने तिच्यासमोर काम चालू होतं, तरी थोडं टाइप केल्यावर ती त्यांनाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का. ते हादरले, पुढे आयुष्यभर या प्रकाराविरुद्ध लिहीत राहिले. म्हणजे रोबोटला माणूस करायला फार काही लागत नाही, समोर ऐकून घेणारं कुणी नसलेला एक माणूस लागतो. आज एआयची मॉडेल किती मोठी झाली तरी ही बाजू तीच आहे.

तारीख_पे_तारीख:
कायद्याचा मुद्दा घ्या तिला, परीक्षक खूश होतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोटला नागरिकत्व दिल्याचं रियाधच्या एका परिषदेत जाहीर झालं, त्याच डिसेंबरात ती आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला साडी नेसून आली होती. समोरची बाजू हे उदाहरण आणणार म्हणजे आणणारच. तेव्हा उत्तर तयार ठेवा की कायद्याने 'व्यक्ती' असणं आणि माणूस असणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे, १९२५ ला प्रिव्ही कौन्सिलनेही (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) हेच म्हटलंय, गावोगाव देवस्थानाच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं. कंपनीपण व्यक्ती. म्हणून कंपनीला कुणी माणूस म्हणतं का? (तिथे नोकरी करणारे तर नाहीच.)

आणि चाकणवाल्यांचा मेमो इथेही येतो बघा. मार्च २०१७ ला उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्ती ठरवलं, राज्य सरकार धावत सुप्रीम कोर्टात गेलं, एक मुद्दा असा की उद्या नदीला पूर आला तर भरपाई कोणी द्यायची? जुलैत स्थगिती मिळाली. हक्क द्यायला सगळे तयार असतात हो, बिल कुणाच्या नावाने फाडायचं तिथे गाडी अडते.

आळंदीची_वाट:
मी वयाने तुमच्या सासऱ्यांच्या जवळपास, त्यामुळे मला रेडा आठवला. पैठणला ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद बोलवले ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. आता वेद काय कुठलाही मोबाईल म्हणतो, स्वरासकट. पण त्याच गोष्टीत आधीचा भाग असा सांगतात की रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ उठले ज्ञानोबांच्या पाठीवर. आमचे बुवा कीर्तनात इथेच थांबायचे, वेदाकडे जायची घाई करायचे नाहीत. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, लोक दर्शनाला जातात, आणि वेद म्हणणारा रेडा माणूस झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, तो रेडाच राहिला आणि रेडा म्हणूनच पूज्य झाला. रोबोटने माणूस व्हायलाच पाहिजे हा हट्ट आपला आहे, त्याचा नाही.

निम्मा_कोडर:
काका भारी. पण मग दुखणं हीच अट असेल तर सेन्सर लावून 'दुखतंय' म्हणवता येईल की.

आळंदीची_वाट:
म्हणवता येईल. माझा नातूपण शाळेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणतो.

चिबाकर:
मी नऊ वर्षं जपानात आहे, इथलं उदाहरण देतो जे दोन्ही बाजूंना त्रास देईल. सोनीने १९९९ ला आयबो नावाचा रोबोट कुत्रा काढला, २००६ ला बनवणं बंद केलं, २०१४ ला दुरुस्तीपण बंद. म्हाताऱ्या लोकांनी ते कुत्रे पोटच्यासारखे सांभाळलेले. मग कंपनीतून निवृत्त झालेल्या लोकांनी दुरुस्ती सुरू केली, पण नवे पार्ट मिळेनात, तेव्हा बंद पडलेल्या आयबोंचे पार्ट काढून चालू असलेल्यांना लावायचे. अवयवदानच की. आणि पार्ट काढायला उघडण्याआधी आमच्याच चिबा प्रांतात इसुमी इथल्या बौद्ध देवळात त्यांचे अंत्यविधी व्हायचे, रांगेत कुत्रे मांडलेले, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, भिक्षू मंत्र म्हणतोय. फोटो बघून मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

इथे कुणी 'तो खरा कुत्रा आहे' म्हणत नाही. पण भंगारात टाकवतही नाही. तुमचे सासरे पार्ट मोजतायत, मला वाटतं मोजायचंच असेल तर गेल्यावर कोण रडतं ते मोजा. अर्थात यातून उत्तर 'होऊ शकतो' कडे झुकतं, पोरीच्या कामाचं नाही, सॉरी.

कंदीपेढा:
कामाचं आहे, समोरच्यांनी काढलं तर माहीत असलेलं बरं. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं, रेड्याला त्यांनी मान डोलावली, 'कोण रडतं ते मोजा' ला सासूबाईंकडे बघितलं आणि विषय बदलला. लेकीने बाजीरावचा मेमो घेतलाय, सुरुवातच तिथून करणार म्हणतेय. चालेल ना दादा? कंपनीचं नाव कुठे येणार नाही.

वेल्डिंगवाला_चाकण:
चालेल की. फक्त नवीन फिक्स्चर यायला तीन आठवडे लागले हेपण सांगायला सांगा, तेवढे दिवस आम्ही हाताने वेल्ड मारत होतो आणि बाजीराव साहेब सुट्टीवर होते, भरपगारी.