महोत्सवातील बँडची छायाचित्रे : एलईडीच्या प्रकाशात चेहरे कसे टिपावेत?

बालाघाटवासी (प्रश्न)

नमस्कार. बीड जिल्ह्यातील आमच्या गावी दर हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर संगीत महोत्सव भरतो. सुरुवातीच्या बैठका गायन-वादनाच्या असतात आणि शेवटची रात्र परिसरातील तरुणांच्या बँडसाठी राखलेली असते. गिटार, ड्रम आणि ऑक्टोपॅड यांच्या जोडीला संबळ व हलगी घेऊन ही मुले उभी राहतात. यंदा त्या रात्रीची छायाचित्रे काढण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले आहे. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारा भाग फुल-फ्रेमपेक्षा लहान असलेला) कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. अशा मंचावर निळ्या-जांभळ्या प्रकाशात चेहऱ्याचा नुसता एकरंगी डाग उमटतो आणि कधी चित्रभर आडवे पट्टे येतात, असा अनुभव आहे. हा दोष लेन्सचा मानावा की प्रकाशाचा? आणि मर्यादित खर्चात नेमके काय बदलावे?

मांजराकाठ

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टींचे मूळ प्रकाशात आहे. लेन्सचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. आपली लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). ५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्वस्त लेन्स तिच्या नऊपटीहून अधिक प्रकाश आत घेते आणि आपल्या कॅमेऱ्यावर ती साधारण ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतके दृश्य दाखवते, म्हणजे मंचासमोर तीन-चार मीटरवर उभे राहिल्यास एका गायकासाठी ती पुरेशी आहे. विकत घ्यायची नसेल तर त्या रात्रीपुरती कोणाकडून मागून आणावी. मात्र चार मीटरवर एफ/१.८ ला जेमतेम अर्धा मीटर खोलीच स्पष्ट राहते, त्यामुळे गायक आणि त्याच्या मागचा ढोलकीवाला दोघेही एकाच चित्रात स्पष्ट येतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता प्रकाशाकडे वळू. पूर्वीच्या हॅलोजन पार लाइटमध्ये (मंचावरील डब्यासारख्या झोतदिव्यात) सर्व रंग असत आणि वर लावलेला रंगीत कागद त्यांतले काही अडवत असे. आजचा एलईडी पार निळा केला की त्यातून जवळजवळ फक्त निळाच प्रकाश बाहेर पडतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी, एक लाल रंगासाठी आणि एक निळ्यासाठी असतो. म्हणजे शुद्ध निळ्या प्रकाशात चेहऱ्याची जवळपास सगळी माहिती एकचतुर्थांश बिंदूंवरच गोळा होते. त्यातही एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) निर्धास्त दिसत असताना निळा रंग केव्हाच काठोकाठ भरून गेलेला असतो. त्यामुळे तिन्ही रंगांचा स्वतंत्र हिस्टोग्राम पाहावा, रॉ स्वरूपात (सेन्सरची मूळ माहिती राखून) चित्रे घ्यावीत आणि मॅन्युअल पद्धतीने चेहऱ्यासाठीच एक्स्पोजर (किती प्रकाश नोंदवायचा ते) ठरवावे. पार्श्वभूमी काळी पडली तरी चालेल. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनाला मागची एलईडी वॉल हमखास फसवते. सुरुवात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, शटर १/२५० सेकंद आणि एफ/२ अशी करून पाहावी.

पट्ट्यांविषयी एक समज दूर करायला हवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की लखलख दिसत नाही, हे ट्यूबलाइटच्या बाबतीत खरे आहे. मंचावरील एलईडीचा उजेड कमी-अधिक करण्यासाठी तो सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद केला जातो आणि त्या वेगाचा विजेच्या ५० शी संबंध नसतो. म्हणून सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरावे आणि वेग १/१२५ ते १/२५० च्या दरम्यान ठेवून पाहावे. काही नव्या कॅमेऱ्यांत शटरचा वेग अगदी सूक्ष्म फरकाने बदलून पट्टे घालवण्याची सोय असते. आपल्या कॅमेऱ्यात ती आहे का, हे घरीच तपासून ठेवावे.

जुना डार्करूमवाला, लातूर

वरील उत्तर तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, परंतु अर्धे काम कॅमेऱ्याच्या बाहेर होते, हे त्यात राहून गेले. दुपारी ध्वनिचाचणी सुरू असतानाच मैदानावर जावे आणि लाइटवाल्याला भेटावे. 'गायकाच्या तोंडावर समोरून थोडा पिवळसर पांढरा प्रकाश कायम ठेवा, मागे हवे ते रंग खेळवा,' एवढीच विनंती करावी. आपल्या भागातील ही मुले लग्नाचे मंडप सांभाळून इथवर आलेली असतात. कोणी आदराने सांगितले की ती आवर्जून ऐकतात. लेसर कोठे लावला आहे, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. त्याचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचे डाग पडू शकतात.

गायकाच्या अगदी समोर उभे राहू नये, कारण माइक ओठ आणि हनुवटी झाकतो. तो माइक ज्या हातात धरतो त्याच्या विरुद्ध बाजूस किंचित सरकावे आणि ओळ संपवून तो माइक खाली घेतो त्या क्षणाची वाट पाहावी. गाणे एकदा ऐकलेले असेल तर हा क्षण आधीच कळतो. म्हणूनच सरावाला हजर राहणे मला महागड्या लेन्सपेक्षा मोलाचे वाटते.

संबळाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बहुतेक छायाचित्रकार गिटारवाल्यामागे धावतात आणि देवीच्या गोंधळातून आलेले हे वाद्य कोपऱ्यात राहून जाते. वादक ते कमरेला बांधून दोन काड्यांनी वाजवतो आणि त्यांतल्या एका काडीचे टोक वाकलेले असते. १/५०० ला काडी गोठते आणि वादक नुसता उभा असल्यासारखा दिसतो. १/१२५ ला चेहरा स्थिर राहून काडीचे टोक पुसट होते, आणि माझ्या मते तेच चित्र खरे. कॅमेरा थोडा खाली, कमरेच्या पातळीवर धरावा, म्हणजे संबळाची दोन्ही तोंडे आणि वादकाचा चेहरा एका चौकटीत येतात.

रंग अगदीच हाताबाहेर गेले तर चित्र कृष्णधवल करावे.

गोदातीर

कृष्णधवलाच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. निळा रंग काठोकाठ भरून गेला असेल तर रंग काढून टाकल्यावरही गालावर पांढरा चट्टाच राहतो. माहितीच नसेल तर ती परत कोठून येणार? एक्स्पोजर आधीच कमी ठेवले असेल तरच हा मार्ग उपयोगी पडतो.

वेळेचाही हिशेब करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. राज्य शासनाने सवलत दिलेल्या ठरावीक दिवशीच तो १२ पर्यंत चालतो. त्यामुळे आपल्याकडचे संयोजक पहिला बँड बऱ्याचदा दिवेलागणीलाच उभा करतात. जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे आकाशाचा उजेड मंचावरील दिव्यांच्या तोडीचा असतो. मैदान, गर्दी आणि मंच एकत्र दाखवणारी चित्रे तेव्हाच घ्यावीत, आणि त्यासाठी आपली १८-५५ उत्तम आहे. अंधार पडल्यावर ५० मिलिमीटर चढवावी, तीही मंचामागे जाऊन, कारण काळ्या मातीची धूळ उडत असताना गर्दीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणे होय.

समितीशी आणखी एक गोष्ट लेखी ठरवून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. आपण मानधन घेणार असाल आणि तीच चित्रे पुढे स्वतःच्या नावाने वापरायची असतील, तर तसे आधीच कागदावर आणावे. विनामोबदला काढलेल्या चित्रांचा हक्क सर्वसाधारणपणे आपलाच राहतो.

बालाघाटवासी

सर्वांचे आभार. ५० मिलिमीटरची लेन्स मित्राकडून मिळते आहे आणि लाइटवाले आमच्याच गावचे निघाले. एक शंका उरते : फ्लॅश पूर्णपणे वर्ज्य मानावा का?

जुना डार्करूमवाला, लातूर

वादन सुरू असताना होय. वादकाचे डोळे दिपतात, आणि लाइटवाल्याने उभा केलेला रंगही एका क्षणात धुऊन निघतो. मंचामागे मुले वाद्ये लावत असतील तेव्हा त्यांना विचारून, छताकडे वळवून जरूर वापरावा.