फेसलिफ्टचा विचार आहे, आधी काय विचारून घेऊ?

ओवी५८: गालाखालची कातडी जबड्यावर उतरून लोंबायला लागली आहे, गळ्यालाही पट्टे दिसतात. आरशासमोर दोन बोटांनी कानाकडे ओढलं की बरं दिसतं. नवरा म्हणतो कशाला, मुलगी म्हणते कर. त्या दोघांचं राहू दे. ओठांवरच्या उभ्या रेघाही जातात का? आणि बीपीची गोळी चालू आहे, ती आड येईल का?

जुनी_सिस्टर: प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नोकरी झाली, म्हणून सांगते. रेघा जात नाहीत. फेसलिफ्टने गालाचा खालचा भाग आणि गळा उचलला जातो, बस. ओठांभोवतीच्या रेघांना लेझर किंवा पील (औषध लावून कातडीचा वरचा थर सोलणं), पापण्या आणि कपाळ हे वेगळंच काम.

दोन बोटांच्या ओढण्यावर जाऊ नका. चांगला सर्जन नुसती कातडी ताणत नाही. तिच्याखालचा थर, ज्याला डॉक्टर ‘स्मास’ म्हणतात, तो वर घेऊन टाके घालतो आणि उरलेली कातडी ताण न देता कापतो. सगळा भार कातडीवर टाकला की व्रण रुंदावतात आणि कानाची पाळी खाली ओढली जाते. सर्जनने जुन्या पेशंटचे फोटो दाखवले की सगळे गाल बघत बसतात. तुम्ही कान बघा, आणि केस मागे बांधलेले फोटो मागा. केस सोडलेल्या फोटोत काय कळणार, कपाळ?

आता बीपी. कातडीखाली रक्त साचणं ही या ऑपरेशनमधली सगळ्यात नेहमीची गुंतागुंत. बहुतेक वेळा ती पहिल्या २४ तासांतच होते आणि बीपी चढलं की धोका वाढतो. एकाच बाजूला अचानक ठणका लागला, गाल फुगून टणक झाला, तर आम्ही सकाळ होण्याची वाट बघत नसू, डॉक्टरांना झोपेतून उठवायचो. म्हणून हे आधीच विचारा: रात्री असं झालं तर येणार कोण? ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, जे काही घेता ते सगळं सांगा. मनाने मात्र काही बंद करू नका.

तंबाखू असेल तर किमान ४ आठवडे आधी आणि तितकेच नंतर बंद. निकोटिनचं च्युइंगमसुद्धा नाही. रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरते. हे मी पाहिलंय, वर्णन करत नाही.

निवांत_आजी: मी करून घेतलंय. सूज आणि निळेजांभळे डाग साधारण दोन आठवडे. ते सोसवतं. बधीर कानाचं मात्र कुणी नीट सांगितलं नव्हतं. कानातलं भोकात गेलं की नाही हे आरशात बघूनच कळायचं. कित्येक महिन्यांनी जाणीव परतली.

दाढीवाला: पुरुषांचं काय?

जुनी_सिस्टर: रक्त साचण्याचा धोका बायकांपेक्षा जास्त. शिवाय दाढीची कातडी कानाकडे सरकते, म्हणजे काही जणांना कानामागेही दाढी करावी लागते.

ओवी५८: सिस्टर, मग ऑपरेशनऐवजी कातडीखाली धागे घालून गाल वर ओढून घेतले तर? आणि मला थोडं वजनही उतरवायचंय.

जुनी_सिस्टर: विरघळणाऱ्या धाग्यांचा उठाव फार टिकत नाही आणि जादा कातडी आहे तिथेच राहते. तुमचा गळा त्याने सुटणार नाही. वजन आधी उतरवा, काही महिने ते स्थिर राहू दे, मगच सर्जनकडे जा. नंतर बारीक झालात तर कातडी पुन्हा सैल पडेल.